व्हिसावर काय लिहिलंय, ते आधी वाचा

(तरुणांच्या मार्गदर्शन शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'परदेशातल्या नोकरीच्या संधी'. मी त्यांना म्हटलं, संधीवर बोलायला एजंट आहेत आणि ते माझ्यापेक्षा छान बोलतात. मी जरा वेगळं बोलतो. आपण जे शिकलो, जे काम आपल्या हातात आहे, तेच काम परदेशात गेल्यावर मिळतं का? नाही मिळालं तर का नाही मिळत? मी कुवेतमध्ये २० वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझी बरीचशी उदाहरणं तिकडचीच असतील. आपल्या कोकणातल्या बहुतेक घरांतला कोणी ना कोणी आखातात आहेच, तेव्हा तुम्हाला ती परकी वाटणार नाहीत.

सुरुवात एका शब्दापासून करतो.

१९९९ साली मी कुवेतला पोहोचलो. महिनाभराने कंपनीच्या माणसाने माझ्या वर्क परमिटची प्रत हातात दिली. सगळं अरबीत. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, पण लहानपणी गावच्या मकतबमध्ये गेलेलो, त्यामुळे अक्षरं लावता येत होती. पेशाच्या रकान्यात दोन शब्द होते. पहिला वाचला, 'अमीन'. बरं वाटलं. अमीन म्हणजे विश्वासू, एवढं तर आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. दुसरा शब्द लावला, 'मखजन'. तो काही कळेना. खोलीत हैदराबादचा एक जण होता, उर्दूत शिकलेला. त्याला दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "भाई, तुम स्टोअरकीपर हो."

मी मेकॅनिकल इंजिनिअर होतो. १९९६ ची पदवी, त्यानंतर लोटे एमआयडीसीत तीन वर्षांचा अनुभव.

आता हे नीट लक्षात घ्या. मला स्टोअरमध्ये बसवलं नव्हतं. काम इंजिनिअरचंच होतं. मोठ्या इमारतींच्या एसी प्लांटची देखभाल, चिलरची दुरुस्ती, माणसांच्या ड्युट्या, सुट्या भागांचा अंदाज, सगळं मी करत होतो. फक्त कागदावर मी गोदाम सांभाळत होतो. मला वाटलं, कागदाचं काय एवढं? काम तर आपलंच आहे. मुंबईतल्या एजंटनेही हेच सांगितलं होतं, "पहिले पाय तर ठेवा, तिथे गेल्यावर बदलून घेतात."

बदलून घ्यायला मला ९ वर्षं लागली.

या ९ वर्षांत त्या दोन शब्दांनी काय काय केलं, ते सांगतो. पगार कागदावरच्या पेशाप्रमाणे ठरला होता. वाढ मागितली की साहेब म्हणायचा, "स्टोअरकीपरला याहून जास्त कुठे देतात?" त्याच साहेबाचा रात्री दोन वाजता फोन यायचा, चिलर बंद पडलाय म्हणून. कुटुंबाला आणायचं तर कागदावरच्या पगाराची अट असते. माझा कागद त्या अटीत बसत नव्हता. माझी मोठी मुलगी तिच्या शाळेत कोणत्या बाकावर बसते, ते मला फोनवर कळायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट नंतर समजली. २००९ साली कतारमधल्या एका कंपनीत मुलाखत झाली. मुलाखत चांगली झाली. त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला. कंपनीने दाखला दिला, आणि कायद्याप्रमाणे कागदावर जो पेशा होता तोच त्यात लिहिला. १९९९ ते २००८ स्टोअरकीपर, २००८ पासून इंजिनिअर. समोरच्या माणसाने दाखला वाचला आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे तुमचा अनुभव एक वर्षाचा." माझ्या आयुष्यातली ९ वर्षं मी केलेल्या कामासकट कुठेच नव्हती.

स्टोअरकीपरचं काम कमी प्रतीचं आहे, असं मला म्हणायचं नाही. ज्याचं ते काम आहे त्याने ते अभिमानाने करावं. तुमच्याकडून एक काम घेतलं आणि नाव व दाम दुसऱ्या कामाचं दिलं, इथे अन्याय आहे.

हे होतं का? एखादा मालक वाईट असतो म्हणून होतं, असं आपण समजतो. तेवढंच नाही. तिकडे कंपनीला परदेशी माणसांचे परमिट पेशानुसार मंजूर होतात. स्टोअरकीपरचे चार शिल्लक आहेत आणि इंजिनिअरचा एकही नाही, तर कंपनी शिल्लक असलेल्या परमिटवर माणूस आणते. तिचं काम भागतं. वर पगारही कमी द्यावा लागतो. एजंटला जागा भरायची असते. आणि आपल्याला जायचं असतं. सगळ्यांची सोय होते, फक्त आपण पाच-दहा वर्षांनी हिशेब करायला बसतो तेव्हा कळतं की तो व्यवहार आपल्या पैशाने झाला.

त्यात कफालत. राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला. नोकरी सोडली तर देश सोडायचा. अशा वेळी माणूस भांडणार कसा? अलीकडे थोडे बदल झालेत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. सौदीने २०२१ पासून ठरावीक अटींवर नोकरी बदलण्याची मुभा दिली. चांगलं आहे. पण नोकरी बदलायला गेलात की नवा मालक आधी तुमचा कागदावरचा पेशाच पाहतो. म्हणजे फिरून आपण त्या शब्दापाशीच येतो.

आता दुसरा किस्सा, तो इंजिनिअरिंगला असलेल्या मुलामुलींनी विशेष ऐका.

२००८ ला माझा पेशा बदलला, मी कागदावरही 'मुहंदिस' झालो. बायको आणि मुली आल्या. वाटलं, सुटलो. २०१८ साली कुवेतने नियम केला की परदेशी इंजिनिअरचा इकामा नूतनीकरण करायचा तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचं ना-हरकत पत्र हवं. भारतीयांच्या बाबतीत ते पत्र कोणाला? ज्यांच्या अभ्यासक्रमाला आपल्याकडच्या नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनची, म्हणजे एनबीएची मान्यता आहे त्यांना. हे बोर्ड स्थापन झालं १९९४ मध्ये. माझी पदवी १९९६ ची. माझ्या कॉलेजने तेव्हा ती मान्यता घेतलीच नव्हती आणि घ्यायलाच हवी अशी सक्तीही नव्हती. आमच्यातले काही तर १९९४ च्या आधीचे पदवीधर होते. बोर्डच नव्हतं, तर मान्यता आणणार कुठून? नावाजलेल्या संस्थांतून शिकलेले लोकही यात अडकले, आयआयटीवालेसुद्धा. भारत सरकारने कुवेतकडे हा विषय मांडला, चर्चा झाल्या. पण इकाम्याची तारीख चर्चेसाठी थांबत नाही. कित्येकांनी गुपचूप पेशा बदलून घेतला. मीही घेतला. १९ वर्षांच्या अनुभवानंतर मी कागदावर सुपरवायझर झालो. टेबल तेच, चिलर तेच, रात्रीचे फोन तेच.

२०१९ ला मी परत आलो.

म्हणून इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना कॉलेजची इमारत आणि बसची सोय बघता, तशी एनबीएची यादीही बघा. मान्यता कॉलेजला मिळत नाही, एकेका अभ्यासक्रमाला मिळते आणि ठरावीक मुदतीसाठी मिळते. त्याच कॉलेजात मेकॅनिकलला असेल, सिव्हिलला नसेल. बोर्डाच्या संकेतस्थळावर हे कोणालाही पाहता येतं. सौदीतही इंजिनिअरला तिथल्या कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडे नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही. तेव्हा आपली पदवी तिकडे कोण तपासणार, हे विमानात बसण्याआधी माहीत हवं.

आता जे पदवीधर नाहीत त्यांच्याबद्दल. आपल्या समाजात ते जास्त आहेत.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक गोष्ट आकड्यांसह मांडली आहे. नियमित पगाराच्या नोकरीत मुसलमान कमी, स्वतःच्या धंद्यात आणि कारागिरीत जास्त. म्हणजे गॅरेज, वेल्डिंग, एसी-फ्रिज दुरुस्ती, फर्निचर, शिलाई. ही कामं आपली मुलं शिकतात कुठे? उस्तादाच्या हाताखाली. बारा-तेराव्या वर्षी पाना हातात घेतात आणि विसाव्या वर्षी आवाजावरून इंजिनचा बिघाड सांगतात. मी इंजिनिअर असून त्यांच्याकडून शिकलोय. पण उस्ताद सर्टिफिकेट देत नाही. त्यामुळे हा मुलगा तिकडे जातो तो 'लेबर' म्हणून, नाहीतर 'हेल्पर' म्हणून. आणि त्याच्या वरचा टेक्निशियन, ज्याला त्याच्या निम्मं येतं पण कागद आहे, तो त्याच्याकडून काम करून घेतो. आपल्याकडे हुन्नर आहे, कागद नाही. आणि सीमा ओलांडताना हुन्नर कोणी पाहत नाही, कागद पाहतात.

हा कागद आता मिळवता येतो. कौशल्य विकासाच्या योजनेत आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. त्यासाठी पुन्हा पहिलीपासून शिकावं लागत नाही. आयटीआयचा दरवाजा तर आहेच. सौदीने प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा कामांसाठी जाण्याआधी भारतातच परीक्षा घ्यायला सुरुवात केली आहे. काही जण यावर कुरकुरतात, की अजून एक खर्च, अजून एक खेटा. मला ती परीक्षा चांगली वाटते. निदान 'वेल्डर' म्हणून उत्तीर्ण झालेल्याला 'हेल्पर'चा व्हिसा दाखवला तर त्याला विचारता येईल, हे काय?

एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाही. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी न झालेला माणूस आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाणार असेल तर त्याला सरकारची मंजुरी लागते, त्याचा करार तपासला जातो. दहावी पास झालात की ती मंजुरी लागत नाही. पासपोर्टवर तो शिक्का नसणं आपण मोठी इज्जत समजतो. त्याचा दुसरा अर्थ असा की आता तुमचा करार सरकार बघणार नाही, तुमचा तुम्ही बघा. आणि आपण बघत नाही. मी इंजिनिअर होतो, माझा करार मी विमानतळावर पाहिला. नर्सिंगच्या बाबतीत सरकारला २०१५ मध्ये हा धोका दिसला आणि शिकलेल्या नर्सेसनाही या देशांत जाण्यासाठी मंजुरी सक्तीची केली. बाकीच्या शिकलेल्यांना स्वतःच सावध राहायचं आहे.

इथे मुलींशी, बहिणींशी बोलायचं आहे. माझी बायको बी.एड. आहे. रत्नागिरीत हायस्कूलला शिकवत होती. माझा कागद सुधारला तेव्हा नोकरी सोडून ती आली, आश्रितांच्या व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ११ वर्षं तिने घरी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. परत आलो तेव्हा तिचं वय शाळेत रुजू होण्याचं राहिलं नव्हतं. माझ्या ९ वर्षांचं रडगाणं मी आज तुम्हाला ऐकवलं. तिच्या ११ वर्षांचं तिने कधी ऐकवलं नाही आणि मीही बरीच वर्षं विचारलं नाही. मुलींनो, लग्न ठरताना नवरा कुठे आहे हे विचारतात. मला तिथे कोणता व्हिसा मिळेल, माझ्या पदवीला तिथे किंमत आहे का, हेही विचारा. विचारण्यात बेअदबी नाही.

कोणीतरी म्हणेल, आखातात असंच, म्हणून आम्ही कॅनडाला जाणार. जा. पण तिथलंही समजून घ्या. कॅनडा गुण मोजून माणूस घेतो. शिक्षणाचे गुण, वयाचे, भाषेचे. गुण जमले की देशात प्रवेश मिळतो, नोकरी नव्हे. इंजिनिअर, डॉक्टर, नर्स, शिक्षक यांचा परवाना प्रांतातली संस्था देते आणि तिची तपासणी वेगळी. ऑन्टारिओत इंजिनिअरच्या परवान्यासाठी कॅनडातल्या एका वर्षाच्या अनुभवाची अट होती. ती २०२३ मध्ये निघाली. तोवर काय होत होतं? अनुभवाशिवाय परवाना नाही आणि परवान्याशिवाय तसं काम मिळणं कठीण. टोरांटो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी नोकरीच्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले. त्यांचा अभ्यास २०११ ला प्रसिद्ध झाला. भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांच्या अर्जांना इंग्रजी नावांच्या अर्जांपेक्षा कमी बोलावणी आली. नामांकित विद्यापीठाची पदवी किंवा मोठ्या कंपनीचा अनुभव लिहूनही हा फरक कमी झाला नाही.

म्हणजे कागद पूर्ण असला तरी नावावर अडवणारे भेटतील. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. नावावरून घर न मिळणं आपल्याला इथेही नवीन नाही. मला म्हणायचं आहे ते एवढंच, की जो अन्याय आपल्या हाताबाहेर आहे त्याच्याशी लढायला बळ लागतं. जो आपल्या हातात आहे, त्यात ते बळ वाया घालवू नका.

आता एक गोष्ट सांगतो जी मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

२०११ साली नात्यातला एक मुलगा माझ्या मागे लागला. आयटीआय केलेला, एसीचं काम उत्तम. त्याच्या आईने मला फोन केला, "दादा, पोराचं काहीतरी कर." माझ्या ओळखीत एका कुवेती घराचा ड्रायव्हरचा व्हिसा मिळत होता. घरकामगारांचा व्हिसा, त्याला तिकडे आपले लोक खादिमचा व्हिसा म्हणतात. मला माहीत होतं की त्यावरून कंपनीच्या व्हिसावर जाणं जवळपास अशक्य असतं. माझी स्वतःची ९ वर्षं गेलेली होती. तरी मी त्याला काय सांगितलं असेल? "पहिले पाय तर ठेव. बदलून घेऊ."

एजंटचे शब्द माझ्या तोंडून निघाले.

बदललं नाही. घरमालकाचं काम संपल्यावर तो चोरून एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करायचा. त्या व्हिसावर ते बेकायदा होतं. रस्त्यावर तपासणी दिसली की गल्ली बदलायचा. शुक्रवारी माझ्याकडे जेवायला यायचा, पुढे यायचा बंद झाला. तीन वर्षांनी परत गेला तेव्हा त्याच्याकडे अनुभवाचा एक कागद नव्हता. आज तो गावात एसी दुरुस्त करतो, चांगलं चाललंय. भेटला की सलाम करतो, मान देतो. त्या तीन वर्षांबद्दल आम्ही बोलत नाही.

मी त्याला फसवलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत होतो. आता मला वाटतं, आपण सगळेच एकमेकांना असं प्रेमाने फसवत आलोय. परत आलेला माणूस गावात बंगला दाखवतो, परमिट दाखवत नाही. काय काम करत होतास, असं कोणी विचारलं तर 'कंपनीत' म्हणतो. धाकटी पोरं बंगला बघतात आणि निघतात.

म्हणून तुमच्याकडे माझी मागणी आहे. आधी जाणाऱ्यांकडे.

व्हिसा आल्यावर पेशाचा शब्द वाचा. अरबी येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून वाचून घ्या. आपल्या गावात मौलवीसाहेब आहेत, त्यांना पाच मिनिटं लागतील. करारातला पेशा, व्हिसावरचा पेशा आणि तुम्हाला सांगितलेलं काम, या तिन्ही गोष्टी जुळत नसतील तर निघू नका. पदवी आणि सर्टिफिकेटची साक्षांकनं इथेच पूर्ण करा, तिथे गेल्यावर ते दहापट अवघड होतं. एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. सब-एजंट नावाचा प्राणी कायद्यात नाही. परवानाधारक एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच फी घेता येते. त्याहून जास्त मागणारा तुम्हाला नोकरी देत नाही, व्हिसा विकतो. आणि विकत घेतलेला व्हिसा वसूल होईपर्यंत माणूस कुठलंही काम निमूट करतो.

दुसरी मागणी, परत आलेल्यांकडे, म्हणजे माझ्यासारख्यांकडे. प्रत्येक मोहल्ल्यात आपण चार-पाच जण तरी आहोत. महिन्यातून एक संध्याकाळ जमातीच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसूया. जाणाऱ्याने कागद घेऊन यावं, आपण वाचून द्यावा. आणि लाज बाजूला ठेवून खरं सांगावं, की मी तिथे काय करत होतो आणि कागदावर काय होतो. आमच्या गावात मी हे सुरू केलंय. पहिल्या महिन्यात एकच मुलगा आला. व्हिसावर 'आमिल' लिहिलं होतं. आमिल म्हणजे मजूर. पोरगा इलेक्ट्रिशियन होता. मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चाचा, एजंट बोलला तिथे गेल्यावर बदलतात."

मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही. माझी दोन परमिटं त्याच्यासमोर ठेवली, १९९९ चं आणि २०१८ चं. म्हटलं, ही दोन्ही वाच, मग ठरव.

त्याने वाचली. घरी जाऊन एजंटला फोन केला आणि इलेक्ट्रिशियनचा व्हिसा असेल तरच येतो म्हणाला. एजंटने तो व्हिसा परत घेतला. मुलगा चार महिने घरी बसला, आईची बोलणी खाल्ली. मलाही त्या बाईने रस्त्यात दोन शब्द सुनावले. मी ऐकून घेतले. सध्या तो परीक्षेची तयारी करतोय. त्याला हवा तो व्हिसा मिळेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. पण मिळाला तर त्यावर त्याच्या कामाचं नाव असेल.